विश्लेषण : मुरुडला रेल्वे नाही, पण पुठ्ठ्याचे स्थानक उभे राहू शकते, कसे?

दापोली तालुक्यातील मुरुडला समुद्र आहे, नारळी-पोफळीच्या बागा आहेत, रेल्वे नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तरी इथल्यांसाठी जवळचे स्थानक दापोलीपलीकडचे खेडच. छोट्या प्रतिकृतींच्या जगात मात्र गावाला स्वतःचे स्थानक मिळू शकते. त्यासाठी महागड्या साहित्यापेक्षा पट्टी, कटर आणि थोडे गणित जास्त उपयोगी पडते.

तयार संच का चालत नाहीत?

मॉडेल रेल्वेसाठी बाजारात मिळणारे इमारतींचे संच प्रामुख्याने जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकी धाटणीचे असतात. चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांचे स्थानक त्यांत मिळणे कठीण. म्हणून हौशी मंडळी संच न वापरता, हाती असलेल्या वस्तूंतून इमारत घडवतात. याला ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणतात. हा छंद कुठवर जाऊ शकतो, हे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात दिसते.

माप कसे ठरते?

जगात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १:८७. खरा एक मीटर इथे साडेअकरा मिमीचा होतो. २.१ मीटरचा दरवाजा २४ मिमी. आपल्याकडील उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६ ते ८४ सेंमी असतो. मॉडेलमध्ये तो सुमारे नऊ मिमी, म्हणजे तीन मिमीच्या पुठ्ठ्याचे तीन थर. साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा मात्र २७ सेंमीचा होतो. २० डब्यांच्या गाडीला जवळपास साडेपाच मीटरचा फलाट लागेल! त्यामुळे फलाटाची लांबी आखडती घेतात, पण दारे, खिडक्या, पायऱ्या यांचे माप बदलत नाहीत. माणसाच्या उंचीशी न जुळणारे दार लगेच खटकते.

कोणती वस्तू कशासाठी?

भिंतीला पुठ्ठा. त्यावर अंड्यांच्या ट्रेचा खरखरीत कागद चिकटवून तांबूस रंग दिला की जांभा दगड दिसतो. सुमारे ३५ सेंमीचा चिरा या मापात चार मिमीचा होतो. तेवढ्या अंतरावर बोथट टोकाने रेघा ओढायच्या. कौलांसाठी खोक्याचा पन्हाळीदार कागद वापरतात, पण इथेच चूक होते. जाड खोक्याची पन्हाळ सहा-सात मिमीची, म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या मीटरहून रुंद कौल! खरे कौल मॉडेलमध्ये तीन मिमीच्या आत येते. म्हणून पातळ खोक्यातली बारीक पन्हाळ निवडावी.

किनाऱ्यावरची वाळू खडी म्हणून चालेल?

चालेल, पण थेट नाही. रुळांखालची ६५ मिमीपर्यंतची खडी या मापात पाऊण मिमीहून लहान होते, म्हणून वाळू बारीक गाळणीतून चाळावी. मीठ ओलावा धरते आणि विजेवर चालणारे रूळ गंजवते. त्यामुळे वाळू गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन वाळवावी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कणही असतात. ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात, म्हणून वाळूवरून आधी लोहचुंबक फिरवावा.

पावसाळ्यात टिकेल का?

कोकणच्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो, वाकतो, त्याला बुरशी लागते. उपाय सोपा : जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना व्हार्निश द्यावे. एकाच बाजूला दिले, तर भिंत हमखास वाकते.

सुरुवात कुठून करावी?

ओळखीच्या इमारतीपासून. भिंतीशेजारी एक मीटरची काठी उभी करून समोरून छायाचित्र काढले, की त्यावरून बाकीची मापे काढता येतात. कौलारू घरे आणि जुन्या इमारती पाडून तिथे सिमेंटच्या उभ्या राहत असताना अशा मापांना वेगळेच मोल येते. इमारत गेली, तरी तिच्या दाराची उंची आणि छपराचा उतार वहीत आणि पुठ्ठ्यात शिल्लक राहतो.