पहिली चूक रुग्णावर नको

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात नव्या इंटर्नने सलाइनसाठी शीर शोधताना तीनदा सुई टोचली, तरी पलंगावरचा माणूस सहसा काही बोलत नाही. डॉक्टर अजून शिकत आहेत, हे त्याला कळत असते आणि तक्रार करावी तर उपचार बिघडतील ही धास्तीही असते. वैद्यकीय शिक्षणातली ही जुनी अडचण आहे. हात बसतो तो माणसावर काम करूनच. पण तो बसेपर्यंतच्या चुका कोणी सोसायच्या? आपल्याकडे त्या बहुतेक वेळा गरिबांनी सोसल्या. आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर), वैद्यकीय महाविद्यालयांत येऊ लागले असताना हा प्रश्न आधी डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आभासी सरावाचा खऱ्या शस्त्रक्रियेत उपयोग होतो का, याची एक नेटकी परीक्षा अमेरिकेतील येल विद्यापीठात झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया होती दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची. यात पोटाला लहान छिद्रे पाडून लांब दांड्यांची उपकरणे आत घालतात आणि समोरच्या पडद्यावर पाहत काम करतात. नवख्याला यात दोन गोष्टी भंडावतात. सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. शिवाय उपकरण पोटाच्या भिंतीवर टेकलेले असल्याने मूठ डावीकडे नेली की आतले टोक उजवीकडे जाते. हा उलटा हिशेब अंगवळणी पडायला सराव लागतो आणि तो सराव भूल दिलेल्या माणसाच्या पोटात व्हावा, हे कुणालाच पटणारे नाही.

येलच्या अभ्यासात १६ निवासी डॉक्टर होते. निम्म्यांना नेहमीचे प्रशिक्षण मिळाले, निम्म्यांना त्याच्या जोडीला संगणकावरचा सराव. पुढे सर्वांनी वरिष्ठांच्या देखरेखीखाली यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचे काम केले. त्याचे चित्रीकरण तपासणाऱ्यांना कोणी सराव केला आहे, हे सांगितले नव्हते. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर आटोपले. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट निघाली.

गंमत म्हणजे त्या संगणकात ना यकृत होते ना रक्त. पडद्यावर नुसते गोळे आणि चौकोनी खोकी होती. ती उचलायची, फिरवायची, ठरावीक जागी ठेवायची. आज कंपन्या हुबेहूब दिसणाऱ्या अवयवांची जाहिरात करतात, तेव्हा हे गोळे आठवावेत. त्या प्रशिक्षणाची खरी मेख वेगळी होती. अनुभवी सर्जननी तीच कामे करून एक पातळी ठरवून दिली होती आणि ती गाठेपर्यंत शिकाऊ डॉक्टरला सोडले जात नव्हते. किती तास बसला, याला महत्त्व नव्हते.

१६ ही संख्या लहानच. पण २०१३ मधील कॉक्रेनच्या आढाव्यातही, अनुभव कमी असलेल्यांचे काम अशा सरावाने सुधारते असे दिसले. त्यातून रुग्णांच्या प्रकृतीवर नेमका किती फरक पडतो, हे मात्र त्या आढाव्याला सांगता आले नाही.

डोळ्यांवर लावायचा हेडसेट आल्यावर हे तंत्र एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचले. समजा, इंजेक्शननंतर रुग्णाला अचानक तीव्र ॲलर्जी झाली: अंगावर गांधी, धाप लागलेली, रक्तदाब घसरतो आहे. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन तातडीने द्यावे लागते. पुस्तकात हे एका ओळीचे उत्तर आहे. प्रत्यक्षात नातेवाईक ओरडत असतात, मॉनिटर वाजत असतो आणि ती ओळच आठवत नाही. हेडसेटमध्ये हा प्रसंग दहादा उभा करता येतो. उशीर झाला तर आभासी रुग्ण दगावतो आणि नंतर शिक्षकाबरोबर बसून कुठे अडलो ते पाहता येते. ही चर्चा वगळली, तर उरतो तो व्हिडिओ गेम.

जिथे स्पर्शाचे काम आहे, तिथे मात्र हे यंत्र तोकडे पडते. रुग्णाने श्वास आत घेतला की वाढलेल्या यकृताची कड बोटांना हलकेच लागते. साध्या हेडसेटच्या हातातल्या कंट्रोलरला ती कळत नाही. स्पर्शाचा आभास देणारी उपकरणे आहेत, पण ती महाग आहेत. शरीररचना शिकताना तर आणखी एक घोळ होतो. सॉफ्टवेअरमधले शरीर सहसा पुस्तकाबरहुकूम असते. माणसाचे तसे नसते. पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी कुणात वेगळ्याच ठिकाणाहून निघते, कुणात दोन असतात. हे देहदानातून मिळालेल्या देहावर शिकता येते, म्हणून विच्छेदनाचे टेबल हटवून तिथे हेडसेट ठेवण्याची घाई मला तरी पटत नाही. काहींना हेडसेटने मळमळते, तेही आहेच: डोळे सांगतात शरीर हलते आहे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते स्थिर आहे.

आपल्या देशात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. तिथे रबरी हातावर सुई टोचायला आणि पुतळ्यावर सीपीआर द्यायला शिकवायचे असते. सलाइनची शीर शोधायला यापेक्षा भारी यंत्र लागत नाही. लागतो तो प्रत्येक विद्यार्थ्याचा हात तपासून ‘आता वॉर्डात जा’ किंवा ‘अजून नाही’ असे सांगणारा शिक्षक.