गाठ काढली, मग गोळी कायले?

गेल्या महिन्यात अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी आम्हाला विचारले, "गाठ तं काढली न भाऊ, मंग पाच वर्सं गोळी कायले?" अंगातून वाफा निघतात म्हणून तीन आठवड्यांपासून त्यांनी गोळी बंद केली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. भगिनींनो, ते इथे देतो.

स्त्रीच्या रक्तात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, फिरते. स्तनाच्या पेशीत त्याला धरणारे ग्राहक असतात. दोघांची गाठ पडली की जनुकांना वाढीचा हुकूम सुटतो. टॅमॉक्सिफेनची गोळी ग्राहकाची जागा आधीच अडवून बसते. शस्त्रक्रियेनंतरही नजरेला न दिसणाऱ्या रोगट पेशी उरू शकतात, म्हणून ती रोज घ्यायची. ज्या गाठीत ग्राहकच नाहीत, तिथे तिचा उपयोग नाही. त्यासाठीच आधी गाठीचा तुकडा तपासतात.

आता खरी गंमत. डोळ्याच्या आणि टाचेच्या पेशीत जनुके तीच, फक्त चालू-बंद वेगळी. बंद करताना पेशी जनुकावर मिथिल नावाची बारीक रासायनिक खूण चढवते. अक्षर एकही बदलत नाही. काही गाठींत ग्राहकाचे जनुकच असे मिटते आणि गोळीला अडवायला काही उरत नाही. मात्र अशी खूण पुसता येते. शास्त्रज्ञांची आशा तिथेच आहे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांनी १९९७ ते २००८ या काळात सुमारे हजार स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे एकच स्वस्त इंजेक्शन दिले. २०११ साली निकाल छापला गेला. सरसकट सगळ्यांत मोठा फरक दिसला नाही. पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचलेल्यांत पाच वर्षांनी शंभरातल्या ७६ जणी हयात होत्या. इंजेक्शन न मिळालेल्यांत ६७. पुढे खारघरच्या टाटाच्याच संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या चमूने हे इंजेक्शन पेशीतली कोणती जनुके हलवते, याचा शोध घेतला. आपल्या गोरगरिबांना परवडणारे औषध म्हणून आम्हाला या कामाचे विशेष अप्रूप वाटते. अर्थात तो अजून सर्रास उपचार नाही.

गोळीने त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, ते उपाय सुचवतात. परस्पर बंद करू नये. बाई उतरल्या तेव्हा गोळ्यांचे पाकीट पिशवीतच होते, अर्धे भरलेले.