नसबंदी, माकडे आणि हृदयविकाराची शंका

कुटुंब पुरे झाले की शस्त्रक्रिया कोणी करून घ्यायची, हा प्रश्न बहुतेक घरांत चर्चेविनाच बाईच्या वाट्याला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण मात्र ०.३ टक्के होते. पुरुष मागे राहतात त्यामागे अनेक गैरसमज आहेत. त्यांतली एक शंका मात्र थेट प्रयोगशाळेतून आलेली आहे.

१९७८ साली अमेरिकेतील नॅन्सी अलेक्झांडर आणि टॉमस क्लार्कसन यांनी लांब शेपटीच्या माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांना कोलेस्टेरॉल जास्त असलेला आहार दिला होता. नसबंदी केलेल्या माकडांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर अधिक आढळले. १९८० साली त्यांनी ९ ते १४ वर्षांपूर्वी नसबंदी झालेली ऱ्हीसस माकडे तपासली. त्यांचा आहार कमी चरबीचा होता, तरी तेच दिसले.

असे का व्हावे? नसबंदीत शुक्रवाहिनी बंद होते, पण शुक्राणू तयार होतच राहतात आणि शरीरातच जिरतात. त्यांच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ही प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करत असावीत, असा तर्क होता.

शंका गंभीर होती, म्हणून ती माणसांत तपासली गेली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नसबंदी झालेल्या १०,५९० पुरुषांची तुलना तितक्याच इतर पुरुषांशी केली. हृदयविकार वाढलेला आढळला नाही. वृषणाजवळच्या नलिकेला सूज येण्याचे प्रमाण तेवढे जास्त होते. पुढे १९८८ साली खुद्द क्लार्कसन आणि अलेक्झांडर यांच्याच माकडांवरील नव्या अभ्यासात नसबंदीचा रक्तवाहिन्यांवर परिणाम दिसला नाही. पहिल्या प्रयोगांत माकडे मोजकीच होती, हेही लक्षात घ्यावे.

मग खरे परिणाम कोणते? काही दिवस दुखणे व सूज, क्वचित रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग. थोड्या पुरुषांना दीर्घकाळ वेदना राहतात. हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जाते, त्यामुळे ताकद वा कामेच्छा कमी होत नाही.

शस्त्रक्रिया भूल देऊन, बहुधा बिनटाक्याची होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. त्यापेक्षा ही सोपी व कमी जोखमीची आहे. मात्र परिणाम लगेच होत नाही. पहिले तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे कळल्यावरच निर्धास्त व्हावे.