कोणत्या गवताचा पराग?

१८१९ साली लंडनमधल्या डॉक्टरांच्या सभेत जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकिगत वाचली. रुग्ण ते स्वतःच होते. दर जूनमध्ये डोळे चुरचुरायचे, शिंका थांबत नसत, छाती दाटून यायची. त्यांनी दोष दिला उन्हाळ्याला.

खरा गुन्हेगार पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी, आणि तोही स्वतःच्या अंगावर. हातावर ओरखडा काढून त्यांनी गवताचे परागकण चोळले. तिथे गांध उठली. ग्लिसरीन लावलेल्या काचा उघड्यावर ठेवून चिकटलेले कण ते रोज सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. कण वाढले की त्रास वाढे. मग काचा पतंगाला बांधून वर सोडल्या, तर उंचावरच्या हवेतही पराग निघाला. १८७३ साली हे सारं पुस्तकात आलं. ॲलर्जी हा शब्द १९०६चा, म्हणजे हे काम त्याच्याही किती आधीचं! एवढी चिकाटी मला थोर वाटते.

१९११मध्ये लिओनार्ड नून यांनी टिमथी गवताच्या परागाचा अर्क थोडाथोडा टोचून उपचार सुरू केले.

तरी कोडं उरलंच. गवताच्या दहा हजारांहून अधिक जाती, पण परागकण जवळपास सगळ्यांचा सारखाच: गोल, एकच छिद्र, त्याला जाड कडा. म्हणून मोजणारे नुसतं ‘गवत’ एवढंच लिहीत आले. जात सांगणारा डीएनए हवेतल्या परागातून वाचता आला तो अलीकडे. २०१९च्या ब्रिटिश अभ्यासात हंगामभर गवतं पाळीपाळीने हवेत येताना दिसली.

जात कळणं का गरजेचं, ते मेलबर्नला विचारावं. रायगवताचा पराग पावसाच्या पाण्याने फुटतो आणि शेकडो सूक्ष्म पिष्टकण मोकळे होतात. अख्खा पराग नाकात अडकतो, हे कण थेट फुफ्फुसात जातात. २१ नोव्हेंबर २०१६च्या वादळानंतर हजारो माणसं धापा टाकत रुग्णालयांत पोचली. दहा जण दगावले. अनेकांना आधी कधी दमा नव्हता.

आपल्याकडे टिमथी नाही, हरळी आहे. दोघींचं उपकूळ वेगळं, प्रथिनंही बरीच वेगळी. त्वचेच्या चाचणीत टिमथीच्या अर्काच्या थेंबाला गांध उठली नाही, म्हणून हरळी निर्दोष ठरत नाही. पावसाळा सरताना माळरानं फुलतात, तेव्हा दम्याच्या रुग्णाची चाचणी इथल्याच गवतांच्या अर्कांनी व्हायला हवी.