जुन्या ट्रॅक्टरची अवजारे : पारख व मोल

कांदिवली येथे १९६० च्या दशकात बनू लागलेल्या बी-२७५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरची अवजारे कल्याण-मुरबाडकडे विक्रीस आल्यास शेतकऱ्यांनी नव्या रंगास भुलू नये. प्रथम खालच्या दोन पिना मोजाव्यात : २२ मिलिमीटर म्हणजे पहिला वर्ग, २८ म्हणजे दुसरा. बारीक पिन बुश घालून बसविता येते. झिजलेले फाळही बदलता येतात. तो खर्च किमतीतून वजा करावा. परंतु सांगाड्यास तडा असल्यास, किंवा पिनेजवळ वारंवार वेल्डिंग झाले असल्यास, भंगाराहून अधिक भाव देऊ नये.

भातखाचरासाठी चिखलणीची लोखंडी चाके खरी मोलाची. खोल नांगर स्वस्त मिळाला तरी त्याने खाचराचा घट्ट तळ फुटतो व पाणी मुरून जाते. रोटाव्हेटर मात्र पी.टी.ओ.च्या ५४० फेऱ्यांवर चालवून पाहिल्यावाचून घेऊ नये.