हिरवा त्रिकोण खेकड्यासाठी नाही

‘हिरव्या त्रिकोणाचं औषध आहे, ओढ्यात गेलं तरी काही होत नाही.’ सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे हे इतक्या खात्रीने बोललं जातं, की त्याला आधार काय हे कोणी विचारतच नाही. डब्यावरचा त्रिकोण कीटकनाशक नियम, १९७१ नुसार छापतात. त्याचा रंग औषध उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांना किती मारक आहे यावर ठरतो. तोंडावाटे मारक मात्रा वजनाच्या किलोमागे ५००० मिलिग्रॅमहून जास्त भरली की हिरवा. हा अंदाज फवारणाऱ्याच्या जिवाचा आहे. कयाधू नदीतल्या खेकड्याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. खेकडा संधिपाद, म्हणजे किडीच्याच गोत्रातला. त्याच्या नसा-स्नायूंची घडण किडीच्या जवळची. हिरव्या त्रिकोणाच्या क्लोरॲन्ट्रानिलिप्रोलचंच घ्या. खेकड्याच्या नात्यातला बारीक डॅफ्निया घेतला, तर लिटरमागे सुमारे १२ मायक्रोग्रॅममध्ये ४८ तासांत निम्मे निश्चल होतात.

‘पण खेकडे मेलेले कुठे दिसतात?’ अहो, मरण ही शेवटची पायरी! उताणा केलेला धडधाकट खेकडा पाय रोवून सरळ होतो. विषबाधा झालेला पाय झाडत पडून राहतो. संशोधक हाच वेळ मोजतात. असा खेकडा वेळेत बीळ गाठत नाही, सहज बगळ्याच्या तोंडी लागतो. मग मेलेला दिसणार कसा? पोटाखाली पिल्लं बाळगणारी मादी गेली की पिल्लंही गेली. नोव्हॅल्युरॉन हे कीटकनाशक अळीची कात अडवतं. खेकडाही कात टाकूनच वाढतो.

मग फवारायचंच नाही का? तसं नाही. लुइझियानातल्या भातखाचरांतल्या क्रेफिश या खेकड्याच्या नातलगावरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्मे प्राणी मारणारी मात्रा लॅम्डा-सायहॅलोथ्रिनची लिटरमागे ०.१६ मायक्रोग्रॅम निघाली, क्लोरॲन्ट्रानिलिप्रोलची ९५१. निवडीने फरक पडतो, पण ती नुसता त्रिकोण पाहून करता येत नाही. ‘पुरात सगळं वाहून जातं’ हेही खोटं. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं गाळाला चिकटतात आणि खेकडा गाळातच राहतो. हळदीच्या कंदकुजीवरचं तांबंही निर्धोक नव्हे. जहाजाच्या बुडाला बार्नेकल चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं मुख्य विष तांबंच, आणि बार्नेकल खेकड्याचाच भाऊबंद. त्रिकोण कोणत्याही रंगाचा असो, पंप ओढ्यात धुऊ नका आणि उरलेलं द्रावण धुऱ्यावरून नाल्यात सोडू नका.