पासिंग आधी, पिकअप नंतर
(मालगाडीचे गणित : भाग ६)

कुडव्यात कुणी पिकअप घ्यायची म्हटली की सल्ला मिळतो तो कंपनीचा. एक म्हणतो बोलेरोच घे, दुसरा योद्धा सुचवतो, तिसरा इंट्राचा हप्ता किती हलका आहे ते पटवून देतो. गोंदिया शहर गावाला लागूनच, त्यामुळे गाडी दाखवणारे आणि कर्ज देणारे दोघेही हाताशी असतात. गाडी घेण्याची घाई होते ती इथेच. आज आपण कंपनी थोडी बाजूला ठेवू आणि आरसीवरच्या दोन आकड्यांपासून सुरुवात करू.

पहिला आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाचा. दोहोंतला फरक म्हणजे बोलीभाषेतले ‘पासिंग’. समजा, एकूण वजन २९९० किलो आणि रिकामी गाडी १६९० किलो. फरक १३०० किलो. पण हे सगळे धानासाठी नसते. चालक आणि सोबतीला बसणारा हमाल त्यातच मोजायचे. म्हणजे दीडशे किलो गेले. गाडी घेतल्यावर आपण हौद्यावर लोखंडी जाळी चढवतो, फाळके उंच करून घेतो, ताडपत्री, दोर, जॅक टाकतो. आणखी पन्नास-साठ किलो. उरले अकराशेच्या आत. चाळीस किलोचा एक कट्टा धरला तर सत्तावीस कट्टे. धान खरेदी केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या अशा गाड्यांतले कट्टे मोजून बघा, म्हणजे पुढचे सांगावे लागणार नाही.

३००० किलोचा आकडा इथे फार महत्त्वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार, एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, अशा आपल्या जिल्ह्यात ही सवलत रोज उपयोगी पडते. बाजारातल्या कित्येक लहान पिकअपचे एकूण वजन ३००० च्या जरासे खालीच थांबते, ते काही योगायोगाने नव्हे. त्यावरची, दीड-दोन टन पासिंगची गाडी घेतली तर माल जास्त येतो, पण परमिटचा कागद आणि त्याचा खर्चही मागे येतो. ज्याची फेरी रोज सीमेपलीकडे जाते त्याने हे आधीच ठरवावे. लायसन्सची चिंता मात्र उरलेली नाही. ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे.

मग गाडी कोणती? निवड आता भरपूर आहे. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००५ मध्ये एस आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने गल्लीबोळात शिरली. त्यांच्या मधल्या पट्ट्यात आज बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त अशी गर्दी आहे. बोलेरो मॅक्स पिकअप १.३ टनापासून २ टनापर्यंत मिळते, योद्धा २.० चे नावच तिच्या दोन टनांवरून आले. शहरातल्या शहरात किराणा, गॅस, पाण्याच्या कॅन फिरवायच्या असतील तर एस किंवा इंट्रा पुरे. दोन टनांची गाडी अर्धी रिकामी फिरवणे म्हणजे डिझेल जाळण्याचा छंद.

जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत असते. ओझेवाल्याने टॉर्क बघावा, आणि तो किती आरपीएमला मिळतो तेही. बोलेरो पिकअपचे २५२३ सीसीचे इंजिन ताकदीच्या आकड्यात कारपेक्षा मागे वाटते. पण त्याचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे भरलेली गाडी जागेवरून उचलताना क्लच जळत नाही. आपला भाग बहुतेक सपाट. सालेकसा-देवरीकडचा डोंगराळ पट्टा सोडला तर चढ फारसा नाही. कस लागतो तो पांदण रस्त्यावर. पावसाळ्यात रिकामी पिकअप चिखलात जागच्या जागी चाक फिरवते, कारण ओढणारी चाके मागे आणि मागे वजनच नाही. बांधीपर्यंत जायचेच असेल तर फोर बाय फोर घ्या. बोलेरो कॅम्पर आणि योद्धा दोन्हींत ती मिळते. पण वर्षातले दोन महिने चिखल आणि दहा महिने डांबर असेल तर ते पैसे टायरांत घालावेत, असे माझे मत.

टायरच्या कडेवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, सहसा कुणी वाचत नाही. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११० म्हणजे १०६० किलो, तेही सांगितलेली हवा असेल तरच. टायर बदलताना दुकानदार ‘हेच माप’ म्हणून कमी आकड्याचा देतो आणि गाडीचे पासिंग नकळत खाली येते. पाट्यांचे उलट होते. मिस्त्री एक पाटा वाढवून देतो, गाडी मागून बसत नाही, मालक खूश. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाही, डिफरेंशियल वाढत नाही, चेसिस तर नाहीच. जुनी पिकअप बघायला जाल तेव्हा मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंगचे डाग आहेत का ते वाकून बघा. रंग नवा आणि तिथेच जास्त जाड दिसला तर किंमत न विचारता परत या.

जादा मालाचा हिशेब कलम १९४ मध्ये आहे : २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवून घ्यायचा. हौद्याबाहेर लोंबणाऱ्या सळ्या-पाइपांनाही हेच कलम लागते. तणस नेणाऱ्यांना वाटते, हलका माल, कोण विचारतो? वजनात तणस बसते, उंचीत बसत नाही. वर रचलेल्या ढिगाऱ्याने गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडते.

आता ओढण्याची गोष्ट. अमेरिकेत पिकअपमागे बोट, घोड्यांची ट्रॉली, राहते घर जोडतात. तिथे ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई जे२८०७ हे मानक आहे आणि त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढाची कसोटी आहे. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपच्या माहितीपत्रकात असा आकडा सहसा छापलेलाच नसतो, आणि तेच उत्तर समजावे. आपल्याकडे ओढायचे काम ट्रॅक्टरचे. तरीही कुणी मागे काँक्रीट मिक्सर जोडतो, कुणी थ्रेशर. गाडी ते ओढते, यात शंका नाही. थांबताना मात्र बिनब्रेकची मागची वस्तू पिकअपला पुढे ढकलते आणि मागचा भाग आडवा होतो. जोडायचेच असेल तर मागच्या वस्तूच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यावा. कमी आला तर ती शेपटीसारखी हलू लागते. बंद पडलेली गाडी दोराने ओढताना दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको.

एक ओझे मात्र कोणत्याच पासिंगमध्ये बसत नाही. रोवणीच्या दिवसांत पहाटे हौद्यात बायका उभ्या करून नेल्या जातात, लग्नसराईत वऱ्हाड. मालाच्या गाडीचा विमा माल घेऊन जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला धरतो, गाडीमालकाच्या स्वतःच्या हमालाचा हिशेब वेगळा. पण अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनीच्या माथी येत नाही, हे आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले त्याला वीस वर्षे उलटली. गाडी उलटली तर भरपाई मालकाच्या शेतातून निघते. पिकअप विकणारा हे सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नाही.

शेवटची बाब बीएस-६ ची. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी काही वेळ सलग, एका गतीने पळावी लागते. कुडवा ते गोंदियाची बाजारपेठ, परत कुडवा, एवढ्याच फेऱ्या असतील तर ती गाळणी वारंवार तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा मालकाने आठवड्यातून एकदा तिरोड्यापर्यंतची एक फेरी लावून घ्यावी, किंवा गाडी घेण्याआधी सीएनजी आणि विजेवरच्या लहान गाड्यांचे भाव विचारावेत.

पुढील भागात : हप्ता, विमा आणि दर दोन वर्षांनी येणारे फिटनेस.